दोन पदव्या: एकदम की एकामागून एक?

भाची इथे इंदुरातच एमबीबीएस करते. रविवारी पोहे-जिलबी खाता खाता म्हणाली, "मामा, मला पेशंटही बघायचेत आणि लॅबही हवीय."

आपल्याकडचा नेहमीचा रस्ता एकामागून एक: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, मग पीएचडी. तोवर तिशी उलटते, घरात लग्नाचा विषय निघतो आणि (आमच्या घरात तरी) संशोधन मागे पडतं. पण मध्येच थांबलात तरी हातात पदवी असते.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने 1964 पासून एमडी-पीएचडी (तिथली एमडी म्हणजे आपली एमबीबीएस) एकत्र चालवणाऱ्या कॉलेजांना पैसा दिला. दोन वर्षं वैद्यकीय शिक्षण, मग पीएचडी, शेवटी पुन्हा वॉर्ड. एकूण साधारण आठ वर्षं. फी माफ, वर विद्यावेतन. ऐकायला झकास! मात्र आधी चार वर्षांची पदवी लागते, नंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं विशेष प्रशिक्षण, असतेच, म्हणजे वर्षं फारशी वाचत नाहीत. शिवाय लॅबमधून परतल्यावर स्टेथोस्कोप परका वाटतो तो वेगळाच. एनआयएचचं ते अनुदानही तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच.

माझं मत पहिल्या रस्त्याला. फक्त एमडीचा प्रबंध उरकायचा म्हणून उरकू नये. भाची म्हणाली, "आधी फार्माकॉलॉजी तर सुटू दे!"