दापोलीचं कृषी विद्यापीठ : नावाजलेलं खासगी कॉलेज सोडून घ्यावं का?

बारावीनंतर कृषी पदवीचं ठरलं की कोकणातल्या घरांत दोन नावांवर खल सुरू होतो. एक, शहरातलं मोठ्या नावाचं खासगी विद्यापीठ. दुसरं, दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. पुढे बागायत, रोपवाटिका, संशोधन किंवा सरकारी सेवा यांपैकी काहीही करायचं असेल, तर दापोली घ्यावं. त्याचं पहिलं कारण म्हणजे विद्यापीठाची प्रक्षेत्रं, म्हणजे प्रयोगाची आणि शिकायची शेतं.

1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची संशोधन केंद्रं कोकणपट्टीभर पसरलेली आहेत. भाताचं कर्जतला, खार जमिनीचं पनवेलला, नारळाचं रत्नागिरीजवळ भाट्ये इथे, आंबा-काजूचं वेंगुर्ल्याला. बागायतदार 'वेंगुर्ला 4' किंवा 'वेंगुर्ला 7' म्हणून काजूची जी कलमं मागतात, ती इथलीच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला, साका (पिकताना गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) न पडणारा 'रत्ना' आणि पातळ कोयीचा 'सिंधू' हे आंबेही इथलेच. ही झाडं जिथे निवडली आणि वाढवली, तिथेच विद्यार्थ्याला शिकता येतं. शहरी कॉलेजची प्रयोगशाळा कितीही चकचकीत असली, तरी जांभ्या कातळावरची कलमबाग आणि इथला पाऊस ती आणणार कुठून?

प्रात्यक्षिकाचंच बघा. आंब्याचं कोय कलम, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या रोपावर चांगल्या जातीची काडी जोडणं, दोन-तीन आठवड्यांच्या, अजून तांबूस असलेल्या रोपावर करतात. रोप हिरवं आणि टणक झालं की यश झपाट्याने घटतं. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्या जाडीला जुळणारी लागते. पाचरीचा काप चार-पाच सेंटिमीटरचा, सरळ आणि एका दमात. प्लॅस्टिकची पट्टी सैल राहिली तर पावसाचं पाणी सांध्यात शिरून तो कुजतो. हे फळ्यावर दहा मिनिटांत सांगून होतं, हात बसायला मात्र शेकडो कलमं बांधावी लागतात. तेवढी रोपं आणि मातृवृक्ष आवारातच हवेत.

कल्टारचंही तसंच. आंब्याला मोहोर यावा म्हणून देतात ते हे वाढरोधक. झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली, दहा वर्षांवरच्या जोमदार झाडाला, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान; बुंधा आणि फांद्यांचा घेर यांच्या मध्यावर 25 ते 30 खड्डे पाडून द्रावण सारखं वाटायचं. व्यास मोजायचा कंटाळा केला आणि अंदाजाने ओतलं की पालवी आखडते आणि झाड काही हंगाम मागे पडतं. ही मोजणी भर पावसात, झाडाखाली उभं राहूनच शिकावी लागते.

अभ्यासक्रमात 'रावे' म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. विद्यार्थी गावात राहून एका शेतकऱ्याबरोबर काम करतो. उदाहरणार्थ, चारसूत्री या सुधारित पद्धतीच्या भातलावणीत 15-25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर चूड (रोपांचे झुबके) लावायचे, चार चुडांच्या चौकोनात मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. दोरी ताणली नाही तर चौकोन बिघडतो, आणि गोळी वर राहिली तर नत्र पाण्याबरोबर वाहून जातं. खासगी कॉलेजच्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न हा विचारावा : रावेला मुलं कोणत्या गावात जातात आणि किती दिवस प्रत्यक्ष राहतात? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जावं.

दुसरा प्रश्न अधिस्वीकृतीचा, म्हणजे दर्जाच्या मान्यतेचा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती विद्यापीठाला आहे की नेमक्या त्या कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, याचं पत्रच मागावं. ती नसेल तर एम.एस्सी.च्या राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेशात अडतं, आणि तेव्हा चार वर्षं मागे जाता येत नाही.

दापोलीच्या उणिवाही आहेत. गाव रेल्वेमार्गावर नाही. खेडला उतरून एसटीने सुमारे 30 किलोमीटर. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, वह्यांना बुरशी धरते. प्राध्यापकांची रिक्त पदं हे राज्यातल्या कृषी विद्यापीठांचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे एखाद्या विषयाला कायम शिक्षक आहे का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. मोठ्या कंपनीत विक्री किंवा व्यवस्थापनाची नोकरी हेच ध्येय असेल, तर शहरातल्या कॉलेजची ओळखपाळख जास्त कामाला येते. हे मान्य करायला हवं.

पसंतीक्रम भरताना होणारी चूक मोठी आहे. 'दापोली विद्यापीठ' या नावाखाली सरकारी घटक महाविद्यालयं येतात, तशी खासगी संलग्न महाविद्यालयंही येतात. पदवी एकाच विद्यापीठाची, पण फी आणि प्रक्षेत्र सर्वस्वी वेगळं. म्हणून नावाबरोबर गाव, तालुका आणि कॉलेजचा प्रकार पडताळून मगच क्रम लावावा. मत्स्य महाविद्यालय दापोलीत नसून रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, हेही ध्यानात ठेवावं.

पैशाचं गणित मुलींच्या बाबतीत तर फारच स्पष्ट आहे. 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या सवलतीत येत नाहीत, व्यवस्थापन कोट्यातली जागाही नाही. मोठ्या नावाच्या कॉलेजची फी ऐकताना हा फरक आधी मांडावा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र दोन्हीकडे वेगळा धरायचा.

कागदांची तयारी बारावीच्या निकालाआधीच करावी. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे नवीन दाखला एप्रिलमध्येच काढावा, जुलैत तहसीलला रांग असते. सातबारा, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला एकाच फाईलमध्ये ठेवावा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथेच, किंवा खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे पुढे आपोआप येत नाही.