‘316 मरीन ग्रेड’ कोरलेला सेफ्टी नाइफ घेताय? आधी हे वाचा

शिडाच्या बोटीवर अंगावर बाळगायला चाकू शोधत असाल आणि पात्यावर ‘316 मरीन ग्रेड’ (316 म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) कोरलेलं दिसलं, तर पैसे देऊ नका. आम्हाला असाच एक चाकू 2,800 रुपयांना विकला गेला. विकणाऱ्याने तो धडधडीत खोटं बोलून गळ्यात मारला.

मुंबईहून गोव्याला शिडाने जायची तयारी चालली होती. या किनाऱ्यावर रात्री खरी धास्ती असते ती मासेमारीच्या जाळ्यांची. नायलॉनचं जाळं सुकाणूत अडकलं की कापण्यावाचून इलाज नसतो. त्याहून वाईट म्हणजे, माणूस पाण्यात पडून हार्नेसच्या, म्हणजे त्याला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या, पट्ट्याने बोटीबरोबर फरफटत चालला, तर ताण आलेला हुक सहसा हाताने निघत नाही. पट्टा कापावाच लागतो, तोही काही सेकंदांत. म्हणून हा चाकू एका हाताने उघडणारा, दातेरी धारेचा आणि बोथट टोकाचा लागतो. टोकदार पातं घाईत फुगलेल्या लाइफजॅकेटमध्ये घुसतं, नाहीतर माणसाला लागतं.

जाहिरातीत हे सगळं होतं. शिवाय ते ‘316’. ज्याला खोलात माहिती नाही त्याला हा आकडा भरवशाचा वाटतो, कारण बोटीवरचे चांगले शॅकल (दोऱ्या-साखळ्या जोडायच्या कड्या), रेलिंग याच पोलादाचे असतात. पण 316 मध्ये कार्बन जेमतेम 0.08 टक्के. त्याला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून-विझवून ते कडक होत नाही आणि धार टिकत नाही. चाकूचं पातं 420 किंवा 440सी अशा पोलादाचं करतात, महागड्या चाकूंत एच1 किंवा एलसी200एन. म्हणजे पातं खरंच 316 चं असेल तर चाकू कुचकामी, आणि नसेल तर कोरलेला आकडा खोटा. आमच्या पात्याला फ्रिजवरचं लोहचुंबक खटकन चिकटलं. 316 ला ते असं चिकटत नाही.

हे कळलं सरावाच्या फेरीनंतर. मुंबई बंदरात वारा वाढला आणि जिबच्या (पुढच्या शिडाच्या) शीटचा, म्हणजे ते शीड ओढून धरणाऱ्या दोरीचा, विंचवर (दोरी गुंडाळून ताणायच्या रहाटावर) पेच बसला. दोरी ताठ, शीड सोडता येईना, बोट कललेली. दहा मिलिमीटरची साधी पॉलिएस्टरची दोरी होती. ओल्या हाताने पातं उघडेचना, कारण खिळ्याशी तांबूस गंज धरला होता. दोन्ही हातांनी उघडलं, चार-पाच वेळा ओढलं, तर मधले दात एका बाजूला वाकले आणि लॉक निसटून पातं बोटांवर मिटलं. हातमोजा चिरला, बोटं वाचली. शेवटी दोरी कापली ती स्वयंपाकाच्या कप्प्यातल्या पाव कापायच्या सुरीने. हेच जर पाण्यात फरफटणाऱ्या माणसाच्या पट्ट्यावर झालं असतं, तर? त्या विचाराने आजही संताप येतो.

विक्रेत्याचं उत्तर काय, तर ‘खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही.’ समुद्रासाठी म्हणून विकलेला चाकू! परत करायची मुदतही तोवर उलटली होती. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, आणि परदेशी मालावर तो छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीचं पान नीट वाचल्यावर दिसलं की कौतुकाचे कित्येक अभिप्राय टॉर्चबद्दलचे होते. जुन्या मालाच्या पानावर नवा माल चिकटवला होता.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वाकलेल्या दातांचे, गंजाचे आणि चुंबकाचे फोटो जोडले. त्यानंतर विक्री-मंचाने पैसे परत केले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तक्रार करताना हे ठणकावून लिहा.

चाकू हातात आला की परतीच्या मुदतीतच तपासा. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा, मग ओल्या हाताने, एकाच हाताने उघडा, आणि बोटीवर आहे तीच दोरी ताणून कापून बघा. लॉक लागल्यावर पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटा, बोटं वाटेत न ठेवता.

आता जाहिरातीतले तेच फोटो दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने झळकतायत, फक्त ‘316’ च्या जागी ‘440सी’ आलंय. तिथे चुंबकाची परीक्षा चालणार नाही, कारण 440सी ला चुंबक चिकटतंच. त्यामुळे आधी आयातदाराचं नाव विचारा. ते मिळालं नाही तर तो चाकू घेऊ नका.