घडीची कार्डे घ्यावीत की कात्रीची?

बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेल्या जुन्या कापीव कार्डांचा संग्रह सुरू करताना निवड बहुधा दोन संचांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे नॅशनल चिकल या च्युइंगगम कंपनीने १९३४ ते १९३६ या काळात काढलेली १९२ 'बॅटर-अप' कार्डे आणि दुसरी, १९६१ ते १९६३ दरम्यान पोस्ट कंपनीच्या सीरियलच्या (न्याहारीच्या तयार धान्यपदार्थाच्या) खोक्यांवर छापलेली, घरोघरी कात्रीने कापलेली कार्डे.

देखणेपणात बॅटर-अप निश्चितच सरस आहे. खेळाडूच्या आकृतीभोवती साच्याने काप दिलेला असतो. पार्श्वभूमी मागे दुमडली की जिमी फॉक्ससारखा खेळाडू टेबलावर उभा राहतो. मीही सुरुवात तिथूनच केली. मात्र अडचण त्या घडीतच आहे. त्या वेळच्या मुलांनी कार्डे मनसोक्त उभी केली, कागद घडीवर फाटला आणि वरचा भाग गेला. त्यामुळे आज यांतली पुष्कळ कार्डे माथ्याविनाच हाती येतात. माझ्याकडे एक अखंड कार्ड होते. एका संध्याकाळी ते अगदी हलक्या हाताने उभे करायला गेलो, तर घडीवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून खालचा पांढरा कागद दिसू लागला. जे कार्ड उभे राहण्यासाठीच घडवले, ते कायम आडवे ठेवायचे, ही रुखरुख मला काही सोडेना.

पोस्टच्या कार्डांना ही धास्ती नाही. प्रत्येक वर्षाचा संच २०० कार्डांचा, खेळाडूच्या कामगिरीची आकडेवारी दर्शनी बाजूलाच आणि मागे खोक्याचा कोरा करडा पुठ्ठा. जे सीरियल कमी खपले, त्यावरची कार्डे आज दुर्मीळ आहेत, त्यामुळे शोधही रंगतो. माझ्याकडच्या १९६१च्या रॉबर्टो क्लेमेंटेच्या कार्डावर डावीकडची काळी रेषा सलग आहे; उजव्या कोपऱ्यात मात्र कात्री केसभर आत शिरून पुन्हा बाहेर आली आहे. असा काप कार्डाच्या स्थितीवरून होणाऱ्या प्रतवारीत मार खातो, आणि पुढेमागे विकण्याचा विचार असेल तर ही बाब लक्षात घ्यावीच लागेल. मला स्वतःला मात्र तो कोपरा फार प्रिय आहे.

१९६१ साली कंपनीने याच कार्डांचे छिद्ररेषांचे, संघवार तावही दिले होते. त्यांच्या कडा नीटस असतात, पण कागद पातळ आहे. शक्य असेल तर खोक्यावरचीच कार्डे घ्यावीत, असे मी सुचवेन.