आयएलडी क्लिनिक: आईच्या फुप्फुसांसाठी घेतलेल्या सेवेचा रिव्ह्यू

आईला फायब्रोटिक एचपी आहे, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, श्वासातून गेलेल्या एखाद्या गोष्टीच्या अॅलर्जीसारख्या प्रतिक्रियेने फुप्फुसाला येणारी सूज, आणि फायब्रोटिक म्हणजे त्यातून फुप्फुसात व्रण तयार झालेले. तिची ट्रीटमेंट एका आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) क्लिनिकमध्ये चालू आहे. छातीच्या नेहमीच्या ओपीडीत नाही, फक्त आयएलडीच्या पेशंटसाठी वेगळी ठेवलेली ओपीडी असते तिथे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला त्या एका जागेची जाहिरात करायची नाहीये. अशा क्लिनिकमध्ये नेमकं काय मिळतं, कुठे कमी पडतं, आणि तुमच्या घरी कुणाला हा आजार निघाला तर जाल तिथे काय बघायचं, एवढ्यासाठी लिहितेय. थोडं लांबेल, पण मला कुणीतरी आधी हे सगळं सांगायला हवं होतं असं फार वाटतं म्हणून सगळंच लिहिते.

आयएलडी म्हणजे एक आजार नाही, दोनशेहून जास्त आजार त्या एका नावाखाली येतात. कुणाला संधिवातामुळे किंवा स्क्लेरोडर्मामुळे होतो, कुणाला अमिओडॅरोन किंवा नायट्रोफ्युरँटॉइनसारख्या औषधामुळे, कुणाला सिलिका किंवा अॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे, कुणाला पक्ष्यांमुळे नाहीतर बुरशीमुळे, आणि काहीच कारण सापडत नाही तेव्हा बऱ्याचदा आयपीएफ, म्हणजे इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, निघतो. आणि सुरुवात सगळ्यांची जवळपास सारखीच, कोरडा खोकला आणि जिने चढताना लागणारा दम. आधीच्या एका ठिकाणी आईला बराच काळ दमा समजून इनहेलर चालू होते, मग सीटीत फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसातले व्रण, दिसला आणि फाईलवर आयपीएफ लिहिलं गेलं, तेही फक्त रिपोर्टवरून, तिला फारसं काही न विचारता.

आता यात एवढं काय, नाव काहीही असो असं वाटू शकतं. पण आयपीएफमध्ये पूर्वी स्टिरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन अशी तीन औषधं एकत्र द्यायचे, आणि पँथर नावाच्या ट्रायलमध्ये दिसलं की ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि अॅडमिट व्हायचं प्रमाण उलट जास्त आहे, तो भाग मध्येच थांबवावा लागला, २०१२ मध्ये ते छापून आलं. आणि तेच स्टिरॉइड एचपीच्या काही पेशंटना उपयोगी पडतं. म्हणजे नाव चुकलं तर औषध नुसतं वाया जात नाही, नुकसान करू शकतं. म्हणून मी या क्लिनिकला मार्क देताना सगळ्यात आधी हेच बघितलं की नाव ठरवायला ते किती मेहनत घेतात.

पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांच्या आधी एक नर्स भेटली आणि तिने लांबलचक प्रश्नावली भरून घेतली. कोणकोणती कामं केली, धूळ कुठली, घरात ओल आहे का, भिंतीला बुरशी आहे का, ह्युमिडिफायर वापरता का, पिसांची उशी किंवा दुलई आहे का, पक्षी पाळलेत का, सकाळी सांधे आखडतात का, तोंड आणि डोळे कोरडे पडतात का, थंडीत बोटं पांढरी निळी होतात का, आजवर कुठली औषधं घेतली, घरात आणखी कुणाला फुप्फुसाचा त्रास. पक्षी पाळलेत का याला आई नाही म्हणाली आणि ते खरंच होतं. पण नर्सने तिथे न थांबता विचारलं की खिडकीत, गॅलरीत, वरच्या कठड्यावर कबुतरं बसतात का, विष्ठा कोण साफ करतं. आईच करायची, कित्येक वर्षं, रोज, कोरडी खरवडून. हा एक प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता! मला विचाराल तर सगळ्या तपासण्यांपेक्षा हा प्रश्न मोठा निघाला.

मग डॉक्टर मॅडमनी पाठीला अगदी खाली स्टेथोस्कोप लावून वेळ देऊन ऐकलं, बोटांची टोकं आणि नखं बघितली. खाली जो आवाज येतो तो वेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखा असतो आणि सीटीच्या बराच आधी तो संशय देऊ शकतो असं त्यांनी समजावून सांगितलं. आधीचा सीटी बघून म्हणाल्या की तो परत करावा लागेल. मला तेव्हा राग आला होता, एकदा झालाय की. पण कारण पटलं. आयएलडीसाठीचा एचआरसीटी म्हणजे साधारण एक-दीड मिलिमीटरचे पातळ काप, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, श्वास पूर्ण आत घेऊन एकदा आणि पूर्ण बाहेर सोडून एकदा असे दोन्ही फोटो हवेत, कधी पालथं झोपवूनही घेतात म्हणजे पाठीकडचा भाग नुसता दबलेला आहे की खरंच आजारी आहे ते कळतं. आधीच्यात श्वास सोडलेले फोटोच नव्हते. आणि एचपीमध्ये हवा लहान नळ्यांत अडकून राहते ते श्वास सोडल्यावरच दिसतं. टेक्निशियनने आईकडून आत टेबलावर जायच्या आधी बाहेरच दोन-तीनदा प्रॅक्टिस करून घेतली, याचे वेगळे मार्क, कारण पेशंटने श्वास अर्धवट घेतला तर फोटोत नसलेला आजार दिसू शकतो.

पीएफटी, म्हणजे फुप्फुसाची क्षमता मोजायची टेस्ट, आणि चालायची टेस्ट बाकी ठिकाणी होते तशीच. एफव्हीसी म्हणजे जोर लावून किती हवा बाहेर काढता येते, डीएलसीओ म्हणजे वायू फुप्फुसातून रक्तात किती सहज जातो, एवढं लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक व्हिजिटला हेच दोन आकडे ऐकाल. सहा मिनिटं चालण्याची टेस्ट मात्र नक्की करून घ्या. आई बसलेली असताना ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, ९६ टक्के दाखवायचा आणि आम्ही घरी निवांत होतो, चालायला लागल्यावर तो ८६ वर आला. या आजारात बसून बघितलेला आकडा फसवतो. आणि ऑक्सिमीटर हात गार असले किंवा नेलपॉलिश असलं की चुकतो, सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, त्यामुळे त्या एका यंत्रावर सगळी भिस्त नको.

आता मुख्य भाग, ज्यासाठी अशा क्लिनिकला जायचं. याला ते एमडीडी म्हणतात, मल्टिडिसिप्लिनरी डिस्कशन. छातीचे डॉक्टर, आयएलडीचे सीटी रोज वाचणारे रेडिओलॉजिस्ट, संधिवाताचे डॉक्टर, आणि बायॉप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजिस्ट, सगळे एकत्र बसून एकाच पेशंटची हिस्टरी, फोटो, रक्त सगळं समोर ठेवून चर्चा करतात. पेशंट तिथे नसतो. आमच्या केसमध्ये सीटीच्या आधीच्या रिपोर्टात आयपीएफकडे झुकणारं वर्णन होतं, पण रेडिओलॉजिस्टना फुप्फुसात कुठे काळपट, कुठे करडे, कुठे नॉर्मल असे तुकडे मिसळलेले दिसले, कबुतरांची हिस्टरी त्याच टेबलावर होती, आणि संधिवाताच्या डॉक्टरांनी अँटी-सीसीपी, एएनए, मायोसायटिस पॅनेल या रक्ताच्या टेस्ट बघून संधिवातासारख्या आजारांचा मुद्दा बाजूला केला. कबुतरांविरुद्धची आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीची) टेस्टही पॉझिटिव्ह होती, पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं की त्याने संपर्क झाल्याचं कळतं, आजार सिद्ध होत नाही. मग ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुप्फुसात थोडं सलाईन सोडून परत ओढून घेतलं, त्यात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या निघाल्या आणि परत चर्चेला ठेवून नाव पक्कं झालं.

बायॉप्सी केली नाही. त्याबद्दल त्यांनी ज्या पद्धतीने सांगितलं ते मला फार आवडलं. पूर्वी ऑपरेशन करून फुप्फुसाचा तुकडा काढायचे, आता क्रायोबायॉप्सी आहे, दुर्बिणीतून नळी घालून टोक गोठवून तुकडा काढतात, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये अनुभवी सेंटरमध्ये तिला ऑपरेशनचा पर्याय म्हणून मान्यता आहे. पण रक्तस्राव आणि फुप्फुसाभोवती हवा भरायचा धोका तिच्यातही आहे, आणि आधीच कमजोर फुप्फुस असलेल्याचा आजार अशा प्रोसिजरनंतर एकदम भडकूही शकतो. चर्चेतून पुरेशी खात्री झालीये तर तो धोका कशाला, असं म्हणाल्या. करता येत असूनही एखादी तपासणी नको म्हणणारे डॉक्टर भेटणं ही मोठी गोष्ट आहे. शेवटी लेखी पत्र मिळालं, त्यात निदान, खात्री किती, आणि पुढे काय बदललं तर परत चर्चेला घ्यायचं ते लिहिलेलं. हे पत्र मागून घ्या, देत नसतील तर विचारा का देत नाहीत.

ट्रीटमेंटमध्ये पहिली गोष्ट कबुतरं बंद. जाळी बसवली, साफसफाई दुसऱ्याकडून ओलं करून, मास्क लावून, आई तेव्हा घरात नको. मग कमी डोसचं स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. खोकला कमी झाला पण एफव्हीसी घसरतच राहिला आणि पुढच्या सीटीत व्रण वाढलेले दिसले. त्रास वाढणं, टेस्टचे आकडे घसरणं, सीटीत फायब्रोसिस वाढणं, या तीनपैकी दोन गोष्टी वर्षभरात दिसल्या आणि दुसरं कारण नसलं तर आता त्याला प्रोग्रेसिव्ह पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात, मूळ आजार कुठलाही असो. केस परत एमडीडीत गेली आणि निंटेडॅनिब हे फायब्रोसिस हळू करणारं औषध सुरू झालं. २०१४ मध्ये हे आणि पिरफेनिडोन ही दोन औषधं अमेरिकेत आयपीएफसाठी एकाच दिवशी मंजूर झाली होती, आणि २०२० मध्ये निंटेडॅनिबला या वाढत जाणाऱ्या इतर प्रकारांसाठीही मंजुरी मिळाली. त्यामागच्या इनबिल्ड ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्यांचा एफव्हीसी वर्षाला साधारण ८१ मिलिलिटर कमी झाला आणि न घेणाऱ्यांचा १८८. झालेला व्रण याने भरून येत नाही, घसरण हळू होते, हे मॅडमनी आईला तिच्याच तोंडावर शांतपणे सांगितलं, आमच्याकडे बघून नाही.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत. निंटेडॅनिबने जुलाब होतात हे एका ओळीत सांगितलं, पण केव्हा लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) घ्यायचं, किती झालं की फोन करायचा, डोस १५० मिलिग्रॅमवरून १०० करता येतो, हे काहीच आधी सांगितलं नाही. आई थकून गेली, वजन उतरलं, आणि फोन लाइनवर उत्तर यायला फार वेळ गेला. नर्सला गाठल्यावर तिने सगळं नीट समजावलं, जेवणासोबत घ्यायचं, लिव्हरच्या टेस्ट पहिले तीन महिने दर महिन्याला, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी सांगायचं. हीच माहिती पहिल्या गोळीच्या आधी एका कागदावर द्यायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे ऑक्सिजन. चालताना लागेल असं लिहून दिलं पण कुठलं मशीन ते दुकानदारावर सोडलं. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी सोबत नेता येणारी मशीन, बऱ्याचदा श्वास ओढला की तेवढाच झटका देतात आणि त्यावरचा ५ हा आकडा म्हणजे मिनिटाला ५ लिटर नव्हे. फायब्रोसिसचा पेशंट भरभर आणि उथळ श्वास घेतो, त्याला ते कमी पडू शकतं. घेण्याआधी ते मशीन लावून पेशंटला चालवून ऑक्सिमीटर बघा, आम्ही तसंच केलं आणि पहिलं मशीन परत केलं.

पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटसाठीचा व्यायाम आणि प्रशिक्षण, मात्र उत्तम. फिजिओ ताईंनी आईला दम लागला तरी घाबरायचं नाही, कसं थांबायचं, कसं परत सुरू करायचं हे शिकवलं. तिच्या चालण्यात फरक पडला, आकडे तेवढेच असले तरी. फ्लू आणि न्यूमोकॉकलच्या लसींचंही त्यांनीच बघितलं. ट्रान्सप्लांटचा विषय लवकर काढला, आईच्या वयामुळे ते शक्य नाही हे स्पष्ट सांगितलं, आणि तरुण पेशंट असेल तर उशीर न करता पाठवतात असंही कळलं.

नवीन औषधांबद्दल विचारलं तर उडवून लावलं नाही. नेरँडोमिलास्ट नावाची गोळी ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत आयपीएफसाठी मंजूर झालीये, वाढत्या फायब्रोसिसच्या पेशंटवरही तिची मोठी ट्रायल झालीये. आणि ज्यांना आयएलडीसोबत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर वाढतं त्यांच्यासाठी श्वासातून घ्यायचं ट्रेप्रोस्टिनिल २०२१ पासून तिथे मंजूर आहे. आईला सध्या दोन्ही नकोत म्हणाल्या आणि का नकोत तेही सांगितलं.

५ पैकी ४ देते. कापलेला एक मार्क फोन लाइन आणि ऑक्सिजनसाठी. तुम्ही जाणार असाल तर जुन्या सीटीची नुसती फिल्म किंवा रिपोर्ट नको, सीडी न्या, जुना साधा एक्स-रे असेल तर तोही, कारण आजार किती वेगाने वाढला ते त्यावरूनच कळतं. आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, बंद केलेल्यांचीसुद्धा. आणि अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की एमडीडी किती दिवसांनी होते, कोण कोण बसतं, आणि आजार वाढला तर केस परत तिथे जाते का.