आर्मीच्या नावाने मोठी ऑर्डर आली तर आधी हे वाचा

नाशिकमध्ये मी आणि माझी जाऊ घरून पुरणपोळी, चकली, फराळ करून देतो. दुकान नाही, पाटी नाही, ओळखीवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर धंदा चालतो. मागच्या महिन्यात आमच्याबरोबर जे झालं ते लिहितेय, कारण असे फोन मेसवाल्यांना, टेम्पोवाल्यांना, सगळ्यांनाच येतायत.

हिंदीत फोन आला, देवळाली कॅम्पमधून बोलतोय, युनिटमध्ये कार्यक्रम आहे, रविवारी सकाळी १५० पोळ्या पाहिजेत, जवान गाडी घेऊन येईल. भावात घासाघीस नाही. तूप वेगळं देणार का, पोळी किती वेळ मऊ राहते, अगदी खरं गिऱ्हाईक विचारतं तसं सगळं विचारलं. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, सगळं व्हॉट्सॲपवर. कॅम्पातली माणसं आम्हाला रोजचीच, संशय यावा असं काहीच नव्हतं.

शनिवारी रात्री सात किलो डाळीचं पुरण चुलीवर आटत आलेलं, आणि नेमका तेव्हा पेमेंटसाठी फोन. वेळ बरोब्बर साधतात हे लोक, माल तयार होत आला की ऑर्डर सोडवत नाही. म्हणे आर्मीचं पेमेंट उलटं असतं, आधी तुम्ही १० रुपये पाठवा, डबल येतील. पाठवले, लगेच २० आले. मग म्हणे आता ऑर्डरचे ४५०० टाका, तेही डबल होऊन येतील. जावेने टाकले, आले नाहीत. "सर्व्हर में अटक गया, एक बार और डालो, दोनों साथ में छूटेगा", आणि मागून दुसरा कुणी साहेब ओरडतोय जल्दी करो. असे ९००० गेले, मग फोन बंद.

ते ९००० म्हणजे नफा नव्हता हो. त्यात बचत गटाचा हप्ता होता, वाण्याची उधारी होती. आमच्यासारख्यांचं धंद्याचं आणि घरचं खातं एकच असतं, त्यामुळे तिथून पैसे गेले की पोरांची फी पण अडते. वर सात किलोचं पुरण, ते रात्रीतून कुणाला विकणार? शेजारीपाजारी निम्म्या भावात दिलं, उरलेलं वाटलं.

बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला म्हणून हात वर केले. लोक म्हणतात शिकलेल्या बायका कशा फसल्या. अहो, समोरचा हेच काम दिवसभर करतो, त्याची पूर्ण तयारी असते.

आता नीट लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, आणि आधी पाठवावे तर मुळीच लागत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याला कलेक्ट रिक्वेस्ट (म्हणजे पैसे मागायची विनंती, जिच्यावर पिन टाकला की आपले पैसे जातात) पाठवणं बंद झालंय, तरी हे लोक असं बोलण्यात गुंतवून आपल्याच हाताने पैसे पाठवायला लावतात. पैसे गेलेच तर रडत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत कळवलं तर ते तिथेच गोठवता येतात. यूटीआर नंबर (पेमेंट झाल्यावर येणारा व्यवहाराचा नंबर), चॅट, फोटो काही डिलीट करू नका. बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या.

आम्ही आता निम्मा ॲडव्हान्स खात्यात जमा झाल्याशिवाय डाळ भिजतच घालत नाही. आमची तक्रार अजून चालू आहे. कुणाला असे गेलेले पैसे परत मिळाले असतील तर काय काय कागद दिले ते सांगा.