रोजनिशी की अनुवाद?

इंदूरमध्ये वाढलेल्या ज्या मराठी माणसाला आपले लेखन सुधारायचे आहे, त्याने रोजचा अर्धा तास रोजनिशीला द्यावा की हिंदी मजकुराच्या मराठी अनुवादाला, हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे.

रोजनिशीने संकोच जातो आणि हात वळतो. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाल्लेल्या भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाचे चार ओळींत वर्णन केले, तरी निरीक्षणाला धार येते. मात्र तेथे आपण अंगवळणी पडलेले शब्दच पुन्हा पुन्हा वापरतो.

अनुवाद तसे करू देत नाही. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा. ‘व्यक्ति’ हिंदीत पुल्लिंगी, तर मराठीतील ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी. ‘मैंने उसे बोला’ याचे ‘मी त्याला बोललो’ असे केले, तर मराठी वाचकाला आपण त्या माणसाला रागावलो असे वाटण्याचा संभव असतो. तेथे ‘सांगितले’ हवे. दोन्ही भाषा कानावर सतत पडत असल्यामुळे या चुका आपल्याला एरवी दिसतच नाहीत, म्हणून माझा कौल अनुवादाला आहे. (बोलण्यातली हिंदीची सरमिसळ हा इंदुरी मराठीचा गोडवा आहे, तो रोजनिशीत अवश्य राहावा.)

वृत्तपत्रातील एकच परिच्छेद घ्यावा, अनुवाद एक दिवस बाजूला ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी मूळ हिंदी न पाहता तो मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते, तेथे वाक्य बहुधा अजून हिंदीच असते.