नऊ महिने ओटीजी, हँड मिक्सर आणि पावलोव्हा : नागपुरातला अनुभव

गेल्या नोव्हेंबरात मी २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन) आणि ३०० वॅटचा हँड मिक्सर एकाच दिवशी घरी आणला. दोन्ही वस्तू एकाच पदार्थासाठी हव्या होत्या, पावलोव्हासाठी. अंड्यातलं पांढरं आणि साखर फेटून मंद आचेवर केलेलं मेरँग, वरून कुरकुरीत कवच, आत मऊ गाभा, त्यावर क्रीम आणि आंबट फळं. ॲना पावलोव्हा ही रशियन बॅले नर्तकी १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, तिच्यावरून हे नाव पडलं. पदार्थ पहिल्यांदा कोणी केला यावर ते दोन देश अजून भांडतात. आता ऑगस्ट संपत आलाय. मधल्या काळात वीस-बावीस पावलोव्हा झाले असतील. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा, तिन्ही पाहून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण या पदार्थात यंत्राइतकाच हवेचा हात असतो.

आधी ओटीजीबद्दल. केक, बिस्किटं, भाजलेली वांगी, सगळं उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेरँगला लागते १००-११० अंशांची आच, आणि नेमकी तिथेच या यंत्राची बटणं फसवतात. पहिले चार पावलोव्हा बदामी रंगाचे झाले आणि वरून तडकले. मला वाटलं माझं फेटणं चुकतंय. मग ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणला, तेव्हा कळलं की बटण १०० वर असताना आत १३५ असतात. रॉड तापला की आकडा उसळतो, बंद झाला की हळूहळू उतरतो. आता मी बटण १०० च्याही खाली, खुणेच्या अलीकडे ठेवते, फक्त खालचा रॉड चालू करते, पंखा बंद ठेवते आणि ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत सरकवते. वरचा रॉड लावला की रंग आलाच म्हणून समजा. ओटीजी कुठलाही घ्या, पण हा थर्मामीटर त्याच दिवशी घ्या. माझ्या मते नऊ महिन्यांतली ती सगळ्यात उपयोगी खरेदी.

हँड मिक्सरने मात्र पहिल्या दिवसापासून साथ दिली. चार अंड्यांचं पांढरं, म्हणजे साधारण १३० ग्रॅम, आणि २२० ग्रॅम साखर. एवढं फेटायला दहा-बारा मिनिटं लागतात. मोटर पाच-सहा मिनिटांत गरम होते, म्हणून मध्ये थांबावं लागतं. थांबल्याने काही बिघडत नाही. सोबत आलेलं प्लास्टिकचं भांडं मी वापरत नाही, त्याला तुपा-तेलाचा अंश चिकटून राहतो आणि स्निग्धपणाचा एक थेंबही फेस बसवतो. पांढऱ्यातली प्रथिनं फेटताना उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पडदा धरतात. चरबी मध्ये आली की तो पडदा नीट धरतच नाही. म्हणून घरातला स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घ्यायचा, आतून लिंबाची फोड फिरवायची आणि कोरडा पुसायचा. पिवळं फुटून एक ठिपका जरी पडला, तरी ते पांढरं ऑम्लेटला वळवायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

साखरेचं सांगायलाच हवं. आपल्याकडची साखर दाणेदार, ती तशीच घातली तर विरघळत नाही आणि भाजताना तळाशी पाक सुटतो. पिठीसाखरही नको, फेस जड होतो. मी घरीच मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन रव्याइतकी बारीक करते. फेसाला मऊ, वाकणारी टोकं आली की एकेक चमचा घालायची, आणि शेवटी दोन बोटांत मिश्रण चोळून पाहायचं. कण लागला तर अजून फेटायचं. मग एक छोटा चमचा व्हिनेगर आणि दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर अलगद मिसळायचं. आतला गाभा मऊ राहतो तो यांच्यामुळे. ओव्हन १५० ला तापवायचा, ट्रे आत गेल्याबरोबर आच उतरवायची, सव्वा ते दीड तास ठेवायचं आणि बंद केल्यावर दार अजिबात उघडायचं नाही. मी रात्री लावते आणि सकाळी काढते.

हवेचा मुद्दा मला सासूबाईंमुळे कळला. एप्रिलमध्ये त्या गच्चीवर मुगवड्या आणि कुरडया घालत होत्या. डाळ फेटून झाली की त्या पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकतात, तरंगला तर पीठ हलकं झालं. माझा गंज पाहून म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या वाळवणासारखंच दिसतंय. भाजतेस कशाला, वाळव." तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मेरँग खरोखरच वाळवण आहे. पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, ते हळूहळू बाहेर काढायचं असतं, आच फक्त त्याला मदत करते. आणि वाळवणाला विदर्भातल्या उन्हाळ्यासारखी हवा कुठे मिळणार? एप्रिल-मेच्या दुपारी माझ्याकडचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र १८-२० टक्के दाखवत होतं. त्या दोन महिन्यांत कवच असं झालं की बोटाने टिचकी मारली तर मातीच्या पणतीसारखा आवाज यायचा.

पण एक गोम होती, ती मला दोन पावलोव्हा चिकट झाल्यावर सापडली. मे महिन्यात नागपुरात कूलर चोवीस तास चालतो. कूलर म्हणजे ओली हवा. आर्द्रतेचं यंत्र बैठकीत नेऊन ठेवलं, तर आकडा साठच्या वर. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, त्यामुळे तासाभरात कवच नरम. तेव्हापासून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं आणि कूलर चालू असलेल्या खोलीत मेरँग न्यायचंच नाही, ताटात वाढेपर्यंत. उकाडा सोसावा लागतो, पण मला ते मान्य आहे.

त्याच महिन्यात एकदा चाळीस मिनिटांनी लाईट गेली. दार न उघडता बसून राहिले. तासाने लाईट आली, पुन्हा पाऊण तास लावलं. वर एक लांब चीर गेली, आत काही बिघडलं नाही. जूनमध्ये मात्र खालचा रॉड बंद पडला. वॉरंटी होती, तरी दुरुस्तीला तीन आठवडे लागले आणि प्रत्येक वेळी मीच फोन करायचा. हे मला खटकलं. तुम्हाला घ्यायचा असेल तर आधी तुमच्या भागात दुरुस्तीला माणूस घरी येतो का ते विचारून घ्या.

वर काय घालायचं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. मेरँग खूप गोड असतं, त्याला आंबट जोड हवीच, आणि संत्र्याच्या गावात राहून बाहेरून आणलेली महागडी फळं शोधायची मला गरज वाटली नाही. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. संत्रा मार्केटमधून आणायची, फोडींची साल आणि बिया काढायच्या, चाळणीवर निथळत ठेवायच्या. उरलेल्या चार पिवळ्या बलकांचा संत्र्याचा रस, थोडं लिंबू, साखर आणि लोणी घालून मंद आचेवर, गरम पाण्याच्या भांड्यावर घट्ट कर्ड (दही नव्हे, दाट सॉस) करते. आपल्या संत्र्यात गोडी जास्त, म्हणून लिंबू हवंच. पाकिटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम फेटून उभं राहत नाही, ३५ टक्क्यांचं लागतं, ते बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. मी त्यात निम्मा चक्का मिसळते. नुसत्या क्रीमपेक्षा मला तो आंबूसपणा कितीतरी आवडतो. हे सगळं वाढायच्या अगदी आधी घालायचं, अर्ध्या तासात कवच ओलं होतं.

पावसाळ्याचं खरं सांगते : जुलैपासून मोठा पावलोव्हा मी केलेला नाही. आर्द्रतेचं यंत्र ८५ दाखवतं आणि ओव्हनमधून काढताक्षणी कवचाला घाम फुटतो. त्याऐवजी रुपयाच्या नाण्याएवढी छोटी मेरँग करते, तीही स्विस पद्धतीने, म्हणजे पांढरं आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर ढवळत साखर विरघळवायची आणि मग फेटायची. फेस जास्त टिकतो. कोमट असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात गेली तर आठ दिवस कुरकुरीत राहतात.

सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून श्रावणात काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून, गार करून फेटलं. पंधरा मिनिटं लागली, पण टोकं उभी राहिली. कवच कागदासारखं पातळ आणि आतून पोकळ, मऊ गाभा नाही. चण्याचा वास व्हॅनिलाने गेला. सासूबाईंनी तीन खाल्ली आणि दिवाळीला पाहुण्यांसाठी याचंच मोठं करायला सांगितलंय. तेव्हा आंबियाची संत्री आलेली असतील आणि हवाही कोरडी होत आलेली असेल. त्याआधी चण्याचं पाणी किती आटवलं म्हणजे आत पोकळी राहणार नाही, एवढं मला शोधून काढायचंय.